न मागितलेली मुक्ती

गेल्या कार्तिकात, म्हणजे २०२५च्या ऑक्टोबरअखेरीस, मी काशीला काकांच्या घरी होतो, तेव्हा त्यांच्या संगणकावरची विंडोज काढून लिनक्स टाकले. त्यांना विचारले होते का? होय आणि नाही. मी म्हणालो होतो, "काका, हे जुनं झालंय, नवीन टाकून देतो." ते स्नानाला निघाले होते. "टाक की," म्हणाले आणि जिना उतरले. तेवढ्या दोन शब्दांना मी संमती समजलो. पुढे जे झाले त्यावर सहा महिने विचार करतो आहे आणि माझे म्हणणे मला अजून नीट मांडता येत नाही.

काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. संकठा घाटाच्या वर, देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत त्यांचे घर आहे. घाटाच्या दक्षिणेला शिंदे घाट, त्यापलीकडे मणिकर्णिका. उत्तरेला थोडे गेले की नागपूरकर भोसल्यांचा घाट. गच्चीवर उभे राहिले की डावीउजवीकडे मराठी माणसांनी बांधलेले दगड दिसतात. घराण्याचा धंदा पौरोहित्याचा. देशावरून येणाऱ्या यजमानांची श्राद्धे, तीर्थविधी, दोन दिवसांची उतरायची सोय. आणि वह्या. कोण कधी आले, कोणाबरोबर आले, कोणाच्या नावाने पिंड दिले, आजा-पणजा कोण, गाव कोणते, हे सगळे वह्यांत. सर्वांत जुन्या वह्या मोडीत आहेत. घरात मोडी वाचणारे आता एकटे काकाच. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर असतो. त्याला मोडी येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. म्हणून सतरा वर्षांपूर्वी काकांनी संगणक घेतला आणि रोज दुपारी दोन तास एकेक वही बाळबोधीत उतरवायला बसले. मधे यंत्र एकदा बदलले, पण काम थांबले नाही.

त्या यंत्रावर विंडोज १० होती. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला तिचा आधार थांबवला. म्हणजे त्या दिवसानंतर सापडलेली सुरक्षेची भोके नेहमीच्या वाटेने बुजवली जाणार नाहीत. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. काकांच्या यंत्रात दोन्ही नाही. यंत्र मात्र ठणठणीत. तीर्थविधीची यादी छापते, पंचांग दाखवते, मुलाशी व्हिडिओवर बोलू देते. चालत्या यंत्राला दूरवरच्या कोणीतरी एका तारखेला म्हातारे ठरवावे, हे मला पटत नाही. या मुद्द्यावर मी लवकर तापतो.

मी लिनक्सवाला आहे. २००६ साली उबंटूच्या सीडी पोस्टाने फुकट घरी यायच्या, तेव्हापासून. स्टॉलमन यांनी १९८३मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. टॉरवाल्ड्सने १९९१मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. या दोघांमुळे आज कोणालाही अशी कार्यप्रणाली मिळते, जी वापरता येते, उघडून पाहता येते, बदलता येते आणि शेजाऱ्याला देता येते. इंग्रजीत 'फ्री' म्हटले की फुकट की स्वतंत्र, हा घोळ या चळवळीला कायम सोसावा लागला. मराठीत तो नाही. मोफत वेगळे, मुक्त वेगळे. मी तरुणपणी हे भाषणात सांगत असे आणि टाळ्या मिळत.

तेव्हा पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊनच गेलो होतो. तिथल्या नेटवर विसंबण्यात अर्थ नाही. घाटावरची माकडे फायबरच्या तारा कुरतडतात अशा बातम्या २०१५ सालीच आल्या होत्या आणि गल्लीत त्यात फारसा फरक पडलेला नाही. मिंटची नवी आवृत्ती २०२९पर्यंत सांभाळली जाणार होती. चार जीबी मेमरीवर हलका डेस्कटॉप सहज चालतो. काकांच्या 'डॉक्युमेंट्स'मधले सगळे मी आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. चार-पाच फायली उघडून पाहिल्या, ठीक होत्या. मग पेनड्राइव्ह लावून यंत्र चालू केले.

पहिलाच प्रश्न भाषेचा येतो. मी मराठी निवडली. हेही काकांना न विचारता. बँकेत, पोस्टात, गल्लीत त्यांचे सगळे हिंदीत चालते आणि संगणकावर ते 'फाइल' आणि 'फोल्डर' हेच शब्द जाणतात. संगणकाच्या मराठीकरणात फोल्डरला संचयिका म्हणतात. काशीत तीन पिढ्या टिकलेल्या मराठीत तो शब्द कोणी ऐकलेला नव्हता, आणि खरे सांगायचे तर पुण्यातही कोणी बोलत नाही. पुढचे प्रश्न कीबोर्डचे, वेळेचे. मग डिस्कचा: आहे त्याच्या शेजारी बसवायचे की डिस्क पूर्ण पुसायची? मी 'पूर्ण पुसा' म्हटले. यंत्राने पुन्हा विचारले. मी पुन्हा होय म्हटले. यंत्राने मला दोनदा विचारले, ही गोष्ट नंतर मनात बरीच राहिली.

काका परतले तेव्हा पडद्यावर स्वच्छ हिरवट चित्र होते. त्यांनी नव्या वहीची फाइल उघडायला सांगितली. उघडली. ओळीच्या ओळी रोमन अक्षरे, त्यांवर फ्रेंचमध्ये असतात तशी टोपणे, मधेच पौंडाचे चिन्ह, कंस. काकांनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारले, "ही कोणती लिपी?"

त्यांनी सतरा वर्षे जे टंकले होते ते युनिकोडमध्ये नव्हतेच. जुन्या पद्धतीच्या एका मराठी फॉन्टमध्ये होते. असे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरीचे तुकडे बसवत. फॉन्ट असला तर ते मराठी दिसते; नसला तर खाली जे आहे ते उघडे पडते. मी फायली जपल्या होत्या, फॉन्ट जपला नव्हता. तो विंडोजच्या पोटात होता, त्याचा टंकलेखनाचा प्रोग्रॅमही तिथेच, आणि ते पोट मी तासाभरापूर्वी रिकामे केले होते. सुमारे साडेतीन हजार कुटुंबे त्या पौंडाच्या चिन्हांत अडकली होती.

काका रागावले नाहीत. "मोडीचंही असंच होतं," म्हणाले, "वाचणारा गेला की वही म्हणजे कागद." आणि जेवायला बसले. त्या जेवणाची आठवण अजून नकोशी वाटते.

स्टुअर्ट मिलने १८५९च्या 'ऑन लिबर्टी'मध्ये एका मोडक्या पुलाचे उदाहरण दिले आहे. आगरकरांच्या पिढीने मिल मन लावून वाचला. आपण तो परीक्षेपुरता वाचतो. पूल धोक्याचा आहे, माणूस त्यावर पाऊल टाकतो आहे आणि सांगायलाही वेळ नाही. तर त्याला धरून मागे ओढण्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छा नाही. पण धोका नक्की नसेल, नुसती शक्यता असेल, तर त्याला सावध करावे आणि जाऊ द्यावे. धोका पत्करायचा की नाही हे त्याचे त्याने ठरवायचे. माझ्याकडे वेळ किती होता? दहा दिवसांचा मुक्काम होता. आधार थांबलेली विंडोज त्या दुपारी कोसळणार नव्हती. मी सावध केले नाही. मी पूल पाडला आणि म्हणालो, आता तुम्ही सुरक्षित आहात.

त्यात हेही खरे की मला घाई होती ती काकांसाठी नव्हती. माझ्या तत्त्वाला एक घर हवे होते.

काशीत मुक्तीचा विषय टाळता येत नाही. इथे देह ठेवणाऱ्याच्या कानात विश्वनाथ तारकमंत्र सांगतो अशी श्रद्धा आहे. पात्रता विचारली जात नाही, अर्ज करावा लागत नाही. गच्चीवरून मणिकर्णिकेचा धूर रात्रंदिवस दिसतो. परंपरा सांगते की कबीर शेवटच्या काळात काशी सोडून मगहरला गेले, जिथे मेल्याने दुर्गतीच होते असे लोक मानत. नुसत्या जागेच्या पुण्याईने मिळणारी मुक्ती त्यांनी नाकारली, असा अर्थ सहसा लावतात. मला त्या दिवसांत त्यातला दुसराच पदर दिसला. दुसऱ्याने ठरवून हातावर ठेवलेली मुक्ती नाकारण्याची मुभा माणसाला असली पाहिजे. ती मुभा मी काकांना ठेवलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकांनी 'त्या मुलाला' बोलावले. चौकाकडे एका दुकानात बसणारा हा विशीतला मुलगा. इतकी वर्षे काकांच्या यंत्राला 'फॉरमॅट मारून विंडो टाकून' देणारे हेच दुकान, आधी त्याचा मोठा भाऊ आणि आता तो. पाचशे रुपये घेतो. त्याने पडदा पाहिला, मग मला पाहिले. "भइया, फॉन्ट का बैकअप नहीं लिए?" म्हणाला. आवाजात उपरोध नव्हता, नुसते आश्चर्य. संध्याकाळी तो एक सीडी घेऊन आला, वर मार्करने लिहिलेले 'मराठी', कोपरा चिरलेला. भावाच्या काळातली. फॉन्ट तिच्यात होता, प्रोग्रॅमही होता. दोन्ही अर्थातच चोरीचे. मी फॉन्ट मिंटमध्ये बसवला, फाइल उघडली, आणि पडद्यावर मिरजेचे एक कुटुंब जसेच्या तसे परत आले.

ज्या सीडीविरुद्ध मी आयुष्यभर बोललो तिनेच मला वाचवले होते. इथे काहीतरी नाटकी बोलायचा मोह होतो, पण प्रश्न त्यापुढे सुरू झाला. मी काकांना सगळे सांगितले. तुमची विंडोज क्रॅक केलेली होती, हा फॉन्टही तसाच. ते म्हणाले, "मी पैसे दिले होते."

"त्या मुलाला दिलेत. ज्यांनी बनवलं त्यांना नाही पोचले."

"मग मी घेतलं काय? वस्तू त्यांचीच?"

मी परवान्याचा अर्थ सांगायचा प्रयत्न केला. विंडोज विकत घेतली तरी ती आपली होत नाही. वापरायचा हक्क तेवढा मिळतो, त्याला अटी असतात. काका मधेच थांबवून म्हणाले, "वृत्तीसारखं." आणि मग तेच मला समजावू लागले. यजमान काही पुरोहिताच्या मालकीचा नसतो. त्या गावच्या, त्या आडनावाच्या लोकांचे विधी करण्याचा हक्क घराण्याचा असतो. तो हक्क भावाभावांत वाटला जातो, त्यावरून कोर्टकज्जे होतात, आणि स्टेशनवर उतरलेले यजमान परस्पर कोणी पळवले तर त्याला चोरीच म्हणतात, मग भले यजमानाला विधी स्वस्तात पडो. हे सांगता सांगता त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या वृत्तीवर बसलो होतो," म्हणाले. मला वाटले होते, या वयात काका हसण्यावारी नेतील. पानभर अटींखाली 'सहमत' दाबणाऱ्या आपल्यासारख्यांपेक्षा त्यांना हा करार चटकन कळला आणि लागला.

त्यांनी मला त्या फॉन्टची किंमत शोधायला लावली. ती आवृत्ती कधीच विक्रीतून गेली होती. प्रायश्चित्त घ्यायला काका तयार, पण पावती द्यायला कोणी नाही.

मग काय करायचे? मुलाने त्याचा तोडगा दिला: चिपची अट चुकवून विंडोज ११ टाकतो, चालून जाईल. मी म्हणालो, मिंटच राहू द्या, सगळ्या वह्या युनिकोडमध्ये बदलून देतो. पण काकांचा हात त्या जुन्या प्रोग्रॅमच्या कळांवर बसलेला. मिंटमध्ये इन्स्क्रिप्ट आहे, सरकारी प्रमाण पद्धत, सोपी आहे. तरी पंच्याहत्तरीत बोटे नव्याने वळवायला महिने जातात, आणि कार्तिकात दारात यजमान उभे असतात. काकांनी आम्हा दोघांचे ऐकून घेतले आणि छांदोग्य उपनिषदातली उषस्ती चाक्रायणाची गोष्ट सांगितली. कुरुदेशात पिके बुडाली होती. उपाशी उषस्तीने एका माहुताकडून त्याचे उष्टे उडीद मागून खाल्ले. माहुताने पाणी पुढे केले तेव्हा म्हणाला, नको, ते उष्टे होईल. उडीदही उष्टेच होते की, असे माहुताने विचारले. त्यावर उषस्ती म्हणाला, ते खाल्ले नसते तर जगलो नसतो. पाणी मला हवे तेव्हा मिळेल.

"जुनी विंडो आणि तो प्रोग्रॅम म्हणजे उडीद," काका म्हणाले. "माझी बोटं शिकेपर्यंत. ती नवी विंडो म्हणजे पाणी. ती नको."

मला हा युक्तिवाद पुरता पटलेला नाही. उषस्तीने उडीद मागून घेतले होते. माहुताच्या नकळत उचलले नव्हते. आणि आपद्धर्म हा शब्द आपण फार सैल वापरतो. पुण्यात माझ्या ओळखीचे कितीतरी सुखवस्तू लोक क्रॅक वापरतात आणि त्यांच्यावर कुठलीही आपत्ती नसते. पण हा निर्णय मागणारा, तोलणारा आणि त्याचा डाग घेणारा माणूस एकच होता. माझ्या निर्णयाचे तसे नव्हते. तत्त्व माझे, वह्या त्यांच्या. मी पुण्याला परतलो असतो आणि मित्रांना अभिमानाने सांगितले असते की काशीत एक घर मुक्त केले.

आणखी एक गोष्ट मला तिथे दिसली, जी वीस वर्षे भाषणांत सुटून गेली होती. मुक्त प्रणालीचा स्रोत उघडा असतो हे खरे. पण तो वाचणारा गल्लीत कोणी नसेल तर काकांसाठी तो मोडीच. त्या मुलाच्या क्रॅकमध्ये कायद्याने कसलेच स्वातंत्र्य नव्हते, तरी काही बिघडले तर काका खिडकीतून हाक मारू शकत होते. माझ्या मिंटमध्ये परवान्याने सगळी स्वातंत्र्ये होती आणि काही बिघडले तर पुण्याला फोन. पहिल्या चार दिवसांत त्यांनी मला सतरा वेळा वर बोलावले. सतरा वर्षे ज्या यंत्रापुढे ते एकटे बसत होते, त्यापुढे आता माझ्याशिवाय बसता येईना. याला मी काय नाव देणार होतो?

शेवटी दोन्ही ठेवायचे ठरले. अशा जुन्या यंत्रांत विंडोज आधी टाकावी लागते, नाहीतर ती लिनक्सचा बूट लोडर पुसून आपलाच बसवते. म्हणजे आधी त्या मुलाने क्रॅक टाकायची आणि त्याचे आटोपले की मी माझी शुद्ध वस्तू बसवायची. डिस्कचे भाग मीच पाडून दिले. चोराला जागा आखून देणारा चोर की नाही, हा प्रश्न मी त्या वेळी मोठ्याने काढला नाही. विंडोजचे नेट मात्र बंद ठेवले. ती फक्त टंकायला. बँक, व्हिडिओ आणि बाकी सगळे मिंटमध्ये, आणि या वेळी भाषा काकांना विचारून: हिंदी. फक्त वह्यांसाठी फॉन्ट मराठी ठेवला, कारण हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श' त्यांना वहीत चालत नाही.

उरलेल्या दिवसांत आम्ही वह्या युनिकोडमध्ये बदलू लागलो. त्यासाठी प्रोग्रॅम मिळतात, पण जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टंकलेला असतो. बदलताना तो सरकून भलत्याच डोक्यावर बसतो. प्रत्येक कुलकर्णी तपासावा लागतो. काका एका बाजूला मोडीची वही घेऊन बसत, मी पडद्यावर वाचत असे, आणि तो मुलगा दुकान बंद झाल्यावर येऊन दुरुस्त्या करी. त्याला मराठी येत नाही, पण रफार कुठे चुकतो ते त्याने माझ्याआधी ओळखले. पंचगंगेच्या बाजूला बांबूंवर आकाशदिवे लागलेले दिसत. मुलाने एकदा विचारले की मोडी टंकता येते का. मी सांगितले, युनिकोडमध्ये २०१४पासून आहे. काका ऐकत होते. काही बोलले नाहीत.

यंत्र चालू केले की आता एक काळी पाटी येते: मिंट की विंडोज. दहा सेकंदांत काही दाबले नाही तर पहिले नाव आपोआप उघडते. पहिले नाव मी मिंटचे ठेवले होते. वागणुकीवर लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ या युक्तीचे फार कौतुक करतात: सक्ती नाही, फक्त सोपी वाट आपल्याला हवी तिकडे वळवायची. मलाही ते फार सभ्य वाटले होते.

माघात काकांचा फोन आला. अर्ध्या वह्या झाल्या होत्या, इन्स्क्रिप्टवर 'ज्ञ' अजून सापडत नव्हता. मग म्हणाले, "ते तुझे दहा सेकंद काढून टाकले."

"म्हणजे?"

"चष्मा घालेपर्यंत संपायचे. मी काही म्हणण्याच्या आत ते आपलं उघडून मोकळं. त्या मुलाला सांगितलं, त्याने तुझ्या मिंटमध्ये शिरून काहीतरी लिहिलं. आता थांबून राहतं, मी बोट लावेपर्यंत." मागून कोणीतरी हाक मारली. "चल, सांगलीची मंडळी आलीत," म्हणाले आणि फोन ठेवला.